विश्लेषण : गाडी विमानतळावर ठेवावी की घरच्यांनी सोडून यावे? मालगुंडकरांसाठी पार्किंगचा हिशेब

गणपतीपुळ्याला लागून असलेल्या मालगुंडहून विमान पकडायला निघायचे, तर तिकिटानंतरचा पहिला प्रश्न गाडीचा असतो. आखातात नोकरीला निघालेला मुलगा असो, जहाजावर रुजू होणारा खलाशी असो किंवा लेकीकडे बंगळूरुला जाणारे आई-वडील असोत, उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘घरचेच कोणीतरी सोडून येईल.’ पार्किंगचे पैसे वाचले, असे वाटते. ते खरेच वाचतात का?

सोडून येणे महाग कसे पडते?

गाडी विमानतळावर ठेवली, तर दोन खेपा होतात : एक जाण्याची, एक येण्याची. घरचे सोडायला आणि पुन्हा आणायला गेले, तर चार खेपा होतात आणि त्यातल्या दोन प्रवाशाविना. मालगुंड ते मुंबई विमानतळ हे अंतर साधारण ३५० किलोमीटर धरले, तर जादा धाव ७०० किलोमीटरची. गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे असे मानले, तर हा जादा खर्च ४,९०० रुपये येतो. टोल आणि सोडायला जाणाऱ्याचे बुडालेले दिवस वेगळेच.

मग पार्किंग किती दिवस परवडते?

जादा इंधनखर्चाला पार्किंगच्या एका दिवसाच्या दराने भागा. दर उदाहरणादाखल ७०० रुपये धरला, तर वरच्या हिशेबात उत्तर येते सात. म्हणजे आठवड्याच्या आत परतणार असाल, तर गाडी विमानतळावर ठेवणे स्वस्त. महिनाभर जाणार असाल, तर मुळीच नाही. कोल्हापूर विमानतळासाठी अंतर सुमारे १४५ किलोमीटर आहे. तिथे जादा खर्च साधारण २,०३० रुपये होतो. दिवसाला ४०० रुपये दर धरला, तर पाच दिवसांनंतर गणित उलटते. आपल्या गाडीचे मायलेज आणि त्या दिवशीचा पार्किंगचा दर घालून हा भागाकार मोबाइलवर मिनिटभरात होतो.

विमानतळ कोणता निवडावा?

रत्नागिरीच्या विमानतळावरून नियमित प्रवासी सेवा रुळेपर्यंत हिशेब दूरच्याच विमानतळांचा राहील. आंबा घाटातून कोल्हापूर जवळचे, पण तिथून थेट जाता येईल अशी शहरे मोजकी. दक्षिणेला सिंधुदुर्गातील चिपी आणि त्यापुढे गोव्यातील मोपा. मोपाची विमानसेवा ५ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. उत्तरेला नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली. तो पनवेलजवळ असल्याने महामार्गाने येणाऱ्याला मुंबईच्या गर्दीत शिरावे लागत नाही. मात्र पार्किंग स्वस्त म्हणून विमानतळ निवडू नका. तिकिटाच्या दरातला फरक, इंधन आणि पार्किंग यांची बेरीज करूनच ठरवा.

पार्किंगचे पैसे कसे मोजतात?

गाडी आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजला जातो आणि तो टप्प्यांत आकारला जातो. टप्पा थोडक्यात ओलांडला, तरी बहुधा पुढच्या टप्प्याचे पूर्ण पैसे पडतात. त्यामुळे तासाचा दर पाहून फसू नका. २४ तासांचा दर आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचा दर पाहा. टर्मिनलला चिकटलेले पार्किंग आणि जास्त दिवसांचे पार्किंग वेगळे असेल, तर दुसरे सहसा स्वस्त असते. आधी ऑनलाइन नोंदणी केल्यास सवलत मिळते का, तेही विमानतळाच्या संकेतस्थळावर पाहा. पावती हरवल्यास दंड होऊ शकतो, म्हणून तिचा आणि मजला-खांब क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.

आणायला गेलेल्यांनी विमान उतरले म्हणून लगेच आत शिरू नये. सामान हातात आल्याचा फोन येईपर्यंत जवळच्या हॉटेलात चहा घेत थांबावे.

बाहेरचे खासगी पार्किंग घ्यावे का?

स्वस्त असेल तर जरूर विचार करा, पण आधी चार गोष्टी विचारा. पावती मिळते का? किल्ली कोणाकडे राहते? कॅमेरे आणि रखवालदार आहेत का? टर्मिनलपर्यंत रात्रीही सोडतात का? गाडी देताना चारही बाजूंचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढा. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवा. दमट हवेत ओढून ठेवलेला हँडब्रेक चिकटू शकतो.

गाडी रत्नागिरीतच ठेवली तर?

एक-दोघांच्या प्रवासाला बहुतेकदा हाच मार्ग सोयीचा. मालगुंडहून रत्नागिरी स्थानक ३०-३५ किलोमीटरवर आहे. तिथपर्यंत रिक्षा किंवा घरच्या गाडीने जाता येते. पुढे रात्रीची तुतारी एक्स्प्रेस. मालगुंडचे सुपुत्र केशवसुत यांच्या कवितेवरून २०१७ मध्ये या गाडीला हे नाव मिळाले. नवी मुंबई विमानतळासाठी पनवेलला उतरावे. मुंबई विमानतळासाठी सकाळी दादरला उतरून मेट्रो ३ धरावी. तिची टी-१ आणि टी-२ अशी दोन्ही स्थानके आहेत. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, त्यामुळे विमान दुपारनंतरचे घ्यावे. स्थानकावर गाडी ठेवायची असेल, तर अनेक दिवस ठेवू देतात का, ते आधी विचारून घ्यावे.

हिशेबात न दिसणारा खर्च कोणता?

परतीची झोप. पहाटे विमानातून उतरून, रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी साडेतीनशे किलोमीटर गाडी चालवणे हा या प्रवासातला सर्वांत मोठा धोका आहे. विमान रात्री उतरणार असेल, तर आपली गाडी पार्किंगमध्ये असणे ही सोय नसून मोह आहे. कागदावर पार्किंग हजार रुपयांनी स्वस्त पडत असले, तरी अशा वेळी रेल्वेने यावे किंवा सोबत झोप झालेला दुसरा चालक असावा. वाचलेले हजार रुपये घरी सुखरूप पोहोचलो, तरच वाचले म्हणायचे.