पाचवं नाव कुणाचं?

फुटबॉलचा सामना बरोबरीत राहून पेनल्टी किकचा टायब्रेकर लागला की माझं लक्ष गोलपोस्टकडे नसतं, खेळाडूंच्या बुटांकडे असतं. ज्याला किक मारायची नसते, तो नेमका त्याच वेळी खाली बसून नाडी सोडतो आणि पुन्हा बांधतो. दुसरा पाण्याची बाटली तोंडाला लावतो, ती खाली घेतच नाही. प्रशिक्षक विचारतो, "कोण कोण मारणार?" आणि गॅलरीतून अख्खी पेठ त्याला नावं सुचवत असते. उचगावहून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सामने बघायला जाताना हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलं आहे की, आता त्या प्रश्नानेच मला भीती वाटते.

आमच्या फुटबॉलचं मूळ तालमीत आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं आधी तालमींची, मग संघांची. त्यामुळे टायब्रेकर आम्हाला कुस्तीसारखा वाटतो: एक मारणारा, एक अडवणारा, बाकी सगळे काठावर. पण पैलवानाची जोड आधी ठरते, वस्ताद त्याला महिनोन्‌महिने तयार करतो. पेनल्टी मारणाऱ्याला मात्र आपण दोन मिनिटांत आखाड्यात ढकलतो.

नियम साधा आहे. १९७० साली टायब्रेकरची ही पद्धत नियमांत आली, त्याआधी कित्येक सामन्यांचा निकाल नाणं उडवून लागत असे. दोन्ही संघांना पाच-पाच किक, तरीही बरोबरी राहिली तर एकेक किक. सामना संपताना जे मैदानात असतात, त्यांनाच मारता येतं. एका संघाचे खेळाडू कमी असतील तर दुसऱ्यालाही तेवढे कमी करावे लागतात. क्रम संघानेच ठरवायचा, तो पंचांना आधी सांगायची गरज नाही. चेंडू गोलरेषेपासून ११ मीटरवर, समोर ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोल. हे सगळं पुस्तकात मिळतं. पाच जण निवडायचे कसे, हे पुस्तक सांगत नाही.

सर्वांत जुनी रीत म्हणजे जो हात वर करेल त्याला पाठवायचं. १९९६च्या युरो स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड आणि जर्मनी यांच्या पाचही किक गोलात गेल्या. सहाव्या किकसाठी गॅरेथ साउथगेट पुढे झाला. त्याआधी व्यावसायिक सामन्यात त्याने एकच पेनल्टी मारली होती आणि ती खांबाला लागली होती. वेम्बलीवर त्याची किक अडवली गेली. त्याच्या हिमतीत काही कमी नव्हतं, पण तयारीविना हिमतीच्या भरवशावर त्याला पाठवणं ही संघाची चूक होती.

पुढे तोच साउथगेट इंग्लंडचा प्रशिक्षक झाला आणि त्याने यादी आधीच ठरवायला सुरुवात केली. सरावात पेनल्टीला वेगळा वेळ दिला. २०१८मध्ये कोलंबियाला ४-३ असं हरवून इंग्लंडने विश्वचषकातला आपला पहिला टायब्रेकर जिंकला. यादी केली म्हणजे यश येतंच, असं मात्र नाही. २०२१च्या युरो अंतिम सामन्यात त्याने अगदी शेवटच्या क्षणी रॅशफर्ड आणि सँचो यांना खास पेनल्टीसाठी उतरवलं. दोघेही चुकले. पाचवी किक १९ वर्षांच्या बुकायो साकाची होती, तीही अडली. निवड माझी होती, असं साउथगेटने त्यानंतर उघडपणे सांगितलं. बाकावरून आणलेला खेळाडू चुकतोच, असंही नाही. २०२२च्या विश्वचषक अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने असाच उशिरा आणलेला डिबाला शांतपणे गोल करून गेला.

पाच जण ठरले, तरी क्रमाचा प्रश्न उरतोच. हुकमी माणूस शेवटी ठेवायचा, हा मोह आमच्याकडेही मोठा आहे. २०२२च्याच विश्वचषकात क्रोएशियाविरुद्ध ब्राझीलने नेमारला पाचवा ठेवला. क्रोएशियाच्या चारही किक गोलात गेल्या, ब्राझीलच्या दोन हुकल्या आणि नेमारची पाळी आलीच नाही. अंतिम सामन्यात मेस्सी पहिलाच आला आणि अर्जेंटिनाचं काम चार किकमध्ये उरकलं. पाचवी किक होईलच याची खात्री नसते. म्हणून भरवशाचा माणूस आधी पाठवावा, असं मला ठामपणे वाटतं.

यादी करताना गोलरक्षकालाही विसरू नये. २०१७चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. त्याच स्पर्धेत कोलकात्यात इंग्लंडचा गोलरक्षक कर्टिस अँडरसन याने जपानविरुद्ध स्वतः एक पेनल्टी मारून गोल केला आणि एक अडवलीही. निव्वळ अडवूनही गोलरक्षक सामना जिंकून देतो: २०२२मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमणीने हैदराबादसाठी तीन किक अडवल्या आणि केरळा ब्लास्टर्सवर ३-१ असा विजय मिळवून दिला.

आता माझी गोष्ट. उचगावात आम्ही पोरं मोकळ्या रानात, दोन दगडांचा गोल करून खेळायचो. एका गावच्या स्पर्धेत पाचवी किक माझ्यावर आली. मारायची कुठे हे चेंडू ठेवेपर्यंत ठरलं नव्हतं. डावीकडे बघितलं, मध्येच विचार बदलला आणि चेंडू गोलरक्षकाच्या पोटात गेला. कुणी शिव्या दिल्या नाहीत. पण त्यानंतर टायब्रेकरला माझं नाव कुणीच घेतलं नाही, आणि मीही नाडी बांधायला शिकलो.

म्हणूनच अर्जेंटिनाच्या गोन्झालो मोंतिएलची किक मला विसरता येत नाही. २०२२च्या विश्वचषक अंतिम सामन्यात जादा वेळ संपत आला असताना त्याच्या हाताला चेंडू लागला, फ्रान्सला पेनल्टी मिळाली आणि बरोबरी झाली. तरी टायब्रेकरच्या यादीत त्याचं नाव राहिलं आणि विश्वविजयाची किक त्यानेच मारली. साकाचंही तसंच. २०२४च्या युरोत स्वित्झर्लंडविरुद्ध साउथगेटने त्याला पुन्हा पाठवलं, साकाने गोल केला आणि इंग्लंड ५-३ असं जिंकलं.

आमच्या पेठांत चुकलेली किक चहाच्या गाड्यावर वर्षानुवर्षं निघते. पोरगं वीस वर्षांचं असतं, सकाळी कामावर जातं, संध्याकाळी सरावाला येतं. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात. सामन्याच्या आदल्या दिवशी वस्तादाने सांगावं, "तिसरी तू मारायचीस, उजवीकडे." आणि चुकलाच, तर पुढच्या टायब्रेकरला सगळ्यांसमोर पहिलं नाव त्याचंच घ्यावं.