वकिलावाचून काडीमोड

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. या म्हणीचा धसका असा, की संसार मोडल्यावरही काही जण ती पायरी चुकवू पाहतात. मुद्रांकाच्या कागदावर फारकत लिहितात, दोन साक्षीदार गाठतात, नोटरीचा शिक्का घेतात आणि आपण मोकळे झालो असे समजतात. वस्तुतः ते बांधलेलेच राहतात. हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्यावाचून मोडत नाही. एखाद्या जातीत काडीमोडाची जुनी रूढी असेल तर त्या कायद्याच्या कलम २९ ने ती राखली आहे खरी. पण रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते, आणि नोटरीचा शिक्का हा रूढीचा पुरावा नव्हे. असल्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केले तर ते रद्दबातल ठरते. शिवाय आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या दुसऱ्या लग्नाने घरात आलेल्या मुलीची गत काय होते, ते निराळे सांगायला नको.

वास्तविक वकिलाचा खर्च टाळण्यासाठी कोर्ट टाळण्याचे कारणच नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याचे कलम १३ असे, की या न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नव्हे. न्यायालयाला जरूर वाटली तर ते स्वतः कायदेपंडिताचे साह्य घेईल. घरच्या भांडणाला दाव्याचे रूप येऊ नये, हा त्यामागचा हेतू. पुढे परवानगी घेऊन वकील येऊ लागले आणि आज ते सर्रास दिसतात, हा भाग वेगळा. जेथे कुटुंब न्यायालय नाही तेथेही दिवाणी न्यायालयात पक्षकाराला स्वतः उभे राहता येतेच.

एकटे उभे राहणे सर्वांत सोपे जाते ते परस्परसंमतीच्या अर्जात. ही तरतूद, कलम १३-ब, १९७६ मध्ये आली. वर्षभर पतिपत्नी विभक्त असावीत, एकत्र राहणे अशक्य झालेले असावे आणि वेगळे होण्यावर दोघांचे एकमत असावे, एवढ्या तिच्या अटी. विभक्त म्हणजे दोन घरेच हवीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले, की एका छपराखाली राहूनही पतिपत्नीचा संबंध संपलेला असू शकतो. पुण्यामुंबईच्या जागेच्या टंचाईत हे सांगून ठेवलेले बरे. अर्ज लग्न जेथे लागले तेथे, दोघे शेवटी एकत्र जेथे राहिली तेथे, किंवा पत्नी सध्या राहते तेथेही करता येतो. लग्नाचा दाखला, नसल्यास पत्रिका व छायाचित्रे, आणि दोघांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. समुपदेशक दोघांना बोलावून विचारपूस करतो. मग सहा महिन्यांचा अवकाश. २०१७ च्या निकालापासून योग्य प्रकरणी न्यायालय तो माफ करू शकते, पण त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो आपोआप माफ होत नाही.

येथवरचे काम कोणत्याही साक्षर माणसाला जमेल. खरी गोम आहे ती संमतीच्या अटींत, आणि आमच्या मते वकिलावाचून जाणाऱ्याने आपली सारी शक्ती तेथे खर्च करावी. ‘आधी सही कर, बाकीचे नंतर पाहू’ असे म्हणणारे भेटतात, आणि ते बहुधा बायकोलाच म्हणतात. हे नंतर पुष्कळदा येतच नाही. स्त्रीधनाची यादी डागिन्यागणिक लिहावी. एकरकमी पोटगी ठरली असेल तर आकडा आणि तारीख दोन्ही असावीत. रक्कम अखेरच्या जबाबाआधी किंवा त्याच वेळी हाती पडावी. घराचे कर्ज कोणी फेडायचे, परस्परांवरील फिर्यादी कोणी केव्हा काढून घ्यायच्या, मूल सुटीत कोठे राहील, हे मोघम ठेवू नये. आईने स्वतःची पोटगी सोडली म्हणून मुलाचा हक्क सुटत नाही. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. मात्र तो एकदा झाला की संमतीच्या निकालावर अपील नाही. म्हणून तो कागद एका रात्री वाचून सही करण्याजोगा नव्हे.

दुसरा पक्ष राजी नसेल तर मात्र आम्ही कोणालाही एकट्याने जाण्याचा सल्ला देणार नाही. छळ, परित्याग किंवा व्यभिचार सिद्ध करायचा म्हणजे साक्षीपुरावा आणि उलटतपासणी आली. आपल्याच नवऱ्याला किंवा बायकोला भर न्यायालयात नेमके प्रश्न विचारणे भल्याभल्यांना साधत नाही. अशा वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, तेथे वकील विनामूल्य मिळू शकतो. पुरुषाला उत्पन्नाची मर्यादा आहे. वकील घेऊनही, न्यायालयाचे कामकाज बंद दाराआड चालावे अशी मागणी करण्याचा हक्क पक्षकाराला राहतोच.

हुकूमनामा झाल्यावर त्याची एक प्रत प्रत्येक पक्षकाराला फुकट द्यावी, असे हिंदू विवाह कायद्याचे कलम २३ सांगते. ती मागून घ्यावी. पारपत्र, बँकेतील वारसनोंद, शिधापत्रिका, पुढचे लग्न, या साऱ्यांसाठी तोच कागद लागतो.