भांगेचं बियाणं आणि मादीपणाची हमी

जयपूरच्या जुन्या तटबंद शहराबाहेर, आग्नेयेला, आदर्श नगर आहे. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी ही वस्ती भरली. मुलतानहून आलेल्या दिगंबर जैनांचं मंदिर तिची ही ओळख आजही सांगतं. या शहरात भांग चोरून घ्यावी लागत नाही. राजस्थानात उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावर भांगेची दुकानं चालतात आणि महाशिवरात्र, होळीला भांग घातलेली ठंडाई उघडपणे प्यायली जाते. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नवल वाटेल, कारण आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याने भांगेलाही परवान्याच्या कक्षेत बांधून टाकलं.

पण याच आदर्श नगरातल्या एखाद्या गच्चीवर कुणी कुंडीत त्या झाडाचं एक बी पेरलं, तर तो गुन्हा ठरतो. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झालेल्या अमली पदार्थविरोधी कायद्याने झाडाचे जणू तुकडे केले आहेत. शेंड्याचा फुलोरा म्हणजे गांजा, तो पूर्ण वर्ज्य. फुलोरा नसलेली नुसती पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येबाहेर, म्हणून भांगेचा कारभार राज्यांकडे राहिला. लागवड मात्र परवान्याशिवाय सरसकट बंद आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. झाड नर निघालं, मादी निघालं की एकाच फांदीवर दोन्ही फुलं आली, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. बियाण्याचा बाजार मात्र सगळा याच प्रश्नावर उभा आहे. ‘फक्त मादी झाडं देणारं बी’ म्हणून परदेशी कंपन्या जे विकतात, त्याची किंमत नगावर असते. त्यातून उभयलिंगी झाड निघू शकतं का? निघू शकतं. का निघतं, याची हकीकत मोठी आहे आणि तिचा महत्त्वाचा भाग भारतात घडला आहे.

झाडापासून सुरुवात करू. भांगेत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नर फुलाला पाच पाकळ्या आणि पाच पुंकेसर; ती झुपक्याने लोंबतात, उघडतात आणि वाऱ्यावर पराग सोडून देतात. मादी फुलाला पाकळ्या दिसतच नाहीत. हिरव्या आवरणातून दोन पांढरे केसाळ धागे बाहेर येतात आणि पराग झेलण्याची वाट पाहतात. पराग आलाच नाही तर फुलोरा वाढत राहतो, दाट होतो, चिकट राळ धरतो. औषधी द्रव्यं या राळेत असतात. पराग पडला की झाडाचा जोर बी भरण्याकडे वळतो आणि राळ मागे पडते. उभयलिंगी झाडात याच मादी फुलोऱ्यात, पांढऱ्या धाग्यांच्या मधोमध, पिवळे लांबट परागकोश उघडे डोकावतात. पाकळ्यांचं आवरण नसल्याने ते लवकर लक्षात येत नाहीत आणि लक्षात येईपर्यंत आजूबाजूच्या फुलांत बी धरलेलं असतं.

पपई लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. जुन्या वाणांत एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायची, फुलं दिसली की नर उपटायचे आणि परागासाठी शेकडा दहा ठेवायचे, हे त्याने वर्षानुवर्षं केलं. तैवान ७८६ आल्यावर ही कटकट संपली, कारण त्यात झाडं मादी किंवा उभयलिंगी निघतात आणि दोन्हींना फळ धरतं. पपईत उभयलिंगी झाड हे वरदान आहे. भांगेच्या औषधी पिकात तेच नुकसान.

ट्युबिंगेनच्या रुडॉल्फ कॅमेरारियसने १६९४ साली वनस्पतींनाही लिंग असतं हे प्रयोगांनी दाखवलं. त्याला छळलं ते याच झाडाने. शेतातली मादी रोपं उचलून त्याने वेगळी आपल्या बागेत लावली, तरी त्यांना बी धरलंच. नियम सिद्ध करायला निघालेल्या माणसाला हा मोठा अपवाद होता आणि त्याने तो लपवला नाही, नोंदवून ठेवला. पुढे १९२०च्या दशकात अमेरिकेत ओहायोच्या जॉन शाफ्नरने भांग हिवाळ्यात, लहान दिवसांच्या हंगामात, काचघरात पेरली. लिंग बदललेली झाडं त्याला मोठ्या संख्येने दिसली. म्हणजे बीजात ठरलेलं लिंग उजेडाच्या तासांनी हलू शकतं. भांगेत मादीची गुणसूत्रं दोन्ही एक्स, नराची एक्स आणि वाय. तरीही एक्स-एक्स झाड नर फुलं देऊ शकतं, हे आज निर्विवाद आहे. रात्रीच्या अंधारात मधेच पडलेला उजेड, कडक उष्मा, पाण्याचा ताण, काढणीला झालेला उशीर, यांतलं काहीही निमित्त होऊ शकतं. माझ्या मते यातलं उशिराचं कारण सर्वांत बोलकं आहे. पराग न मिळालेलं मादी झाड म्हातारं होऊ लागलं की स्वतःच पराग बनवतं. वंश राहावा म्हणून झाडाने केलेली ती तजवीज आहे. शेतकऱ्याच्या हिशेबात ती बसत नाही, एवढंच.

आता दिल्लीची गोष्ट. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. एच. वाय. मोहनराम आणि त्यांचे सहकारी याच कोड्यावर काम करत होते. १९७०मध्ये त्यांनी सहकारी जैस्वाल यांच्याबरोबर इथिलीन हे वनस्पतींमधलं संप्रेरक सोडणाऱ्या रसायनाने नर झाडावर मादी फुलं आणली. १९७२मध्ये जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक देऊन मादी झाडावर नर फुलं आणली आणि अॅब्सिसिक आम्लाने हा परिणाम रोखताही येतो, हे दाखवलं. १९८२मध्ये रिना सेट यांच्यासह त्यांनी चांदीची संयुगं वापरली. चांदी इथिलीनचं काम अडवते. त्यामुळे जन्माने मादी असलेल्या झाडावर नर फुलं आली आणि त्यांचा पराग जिवंत, बी धरवणारा निघाला.

हा निष्कर्ष साधा नव्हता. मादी झाडाच्या परागात वाय गुणसूत्र नसतंच. तो पराग दुसऱ्या मादीवर पडला तर होणारं बी सगळं मादीच. १९९०च्या दशकात नेदरलँड्समधल्या बियाणे कंपन्यांनी ‘फक्त मादी’ बी बाजारात आणलं, त्यामागचं तत्त्व हेच. दिल्लीच्या प्रयोगशाळेत शुद्ध शास्त्र म्हणून झालेलं काम परदेशात मोठा धंदा बनलं आणि आपल्याकडे त्याची आठवण वनस्पतिशास्त्राच्या वर्गाबाहेर फारशी राहिली नाही. मला याचं वाईट वाटतं.

हमीतली गोम इथेच आहे. चांदीच्या प्रयोगाने मादीला तात्पुरतं नर फुलायला लावणं ही एक गोष्ट. स्वतःहूनच सहज नर फुलं टाकणाऱ्या झाडाचं बी गोळा करून विकणं ही दुसरी. दोन्ही बिया बाहेरून सारख्याच दिसतात आणि दोन्हींची रोपं बहुतांशी मादीच निघतात. पण दुसऱ्या बीत ताण पडताच ढळण्याची प्रवृत्ती घरातून आलेली असू शकते. कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या झमीर पुंजा यांनी २०२०मध्ये व्यावसायिक काचघरांतल्या उभयलिंगी झाडांचा अभ्यास छापला. सगळं नियंत्रणात असलेल्या त्या काचघरांतही शेकडा पाच ते दहा झाडांवर आपोआप परागकोश उमटलेले त्यांना दिसले आणि अशा फुलोऱ्यातल्या बियांची रोपं तपासली तेव्हा ती मादी निघाली. म्हणजे पाकिटावरचा ‘मादी’ हा शब्द खरा असतो, आणि तरी शेत बियांनी भरू शकतं.

आपल्या पूर्वजांना गुणसूत्रं ठाऊक नव्हती, पण नर ओळखण्याची नजर होती. बंगालात राजशाहीकडच्या नवगावला गांजाची लागवड सरकारी देखरेखीखाली चाले. तिथे नर झाडं फुलण्याआधीच ओळखून मोडणारा माणूस वेगळा असे. त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत. हेमचंद्र केर यांनी १८७७च्या अहवालात आणि कलकत्त्याच्या वनस्पतिसंग्रहालयाचे डेव्हिड प्रेन यांनी १८९३मध्ये ही पद्धत बारकाईने नोंदवली. इतकी पारख करूनही तयार मालात थोड्या बिया सापडतच. त्यात वाऱ्याने आलेल्या परागाचा वाटा असेल, तसा मादी झाडांवर उमटलेल्या नर फुलांचाही असणार, असं मला वाटतं. १८९३मध्ये नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी नोंदवल्या. मुंबई इलाख्यातल्या गांजाच्या शेतीत तेव्हा अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, हा प्रमुख जिल्हा होता. साताऱ्याकडेही पीक होतं आणि खानदेशाला लागून असलेल्या खांडव्याचा गांजा मध्य प्रांतात प्रसिद्ध होता. या भागांतल्या मराठी शेतकऱ्यांनी नर वेचण्याचं हे कसब कैक पिढ्या सांभाळलं. आज ते कसब गेलं आहे, आणि उरली आहे ती ऊस किंवा केळीच्या आडोशाने चोरून लावलेली झाडं आणि त्यांवर पडणाऱ्या धाडी.

ऑगस्ट २०२१मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावण्याची परवानगी लेखी मागितली. दुसऱ्या कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, हे त्याचं म्हणणं. बातमीची चेष्टा झाली. चेष्टा करण्याजोगं त्यात काही नव्हतं. समजा, परवानगी मिळालीच असती, तर त्याने बी कुठून आणलं असतं? आदर्श नगरच्या गच्चीवरच्या हौशी माणसाचं एक रोप फुकट जाईल, शिवाय खटला अंगाशी येईल. कोरडवाहू शेतकऱ्याचं मात्र वर्ष जाईल.

कायदेशीर लागवडीचा रस्ता पूर्ण बंद नाही. याच कायद्याच्या चौदाव्या कलमाखाली धागा आणि बियांसाठी सरकार परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडाने २०१८पासून नशेचं द्रव्य ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या वाणांसाठी परवाने दिले. नोव्हेंबर २०२१मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेचं बी आणि बियांचं तेल अन्न म्हणून मान्य केलं. जानेवारी २०२५मध्ये हिमाचलच्या मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडे नियंत्रित लागवडीचा पथदर्शी अभ्यास सोपवला. धागा आणि बियांच्या पिकात तर उभयलिंगीपणा दोष नाहीच. युरोपातल्या पैदासकारांनी मुद्दाम एकाच झाडावर दोन्ही फुलं देणारे वाण तयार केले, कारण सगळं शेत एकदम पिकतं आणि यंत्राने कापता येतं. कुठल्या कामासाठी कुठलं बी, हे आधी ठरायला हवं आणि त्या बियाची जबाबदारी घेणारी संस्था हवी.

महाराष्ट्रात अशी संस्था शोधायला लांब जायला नको. ज्या जिल्ह्यात १८९३च्या सुमारास मुंबई इलाख्यातली गांजाची प्रमुख शेती होती, त्याच जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. राज्य सरकारने कायद्यातल्या तरतुदीनुसार राहुरीला कुंपणातल्या चाचणीची परवानगी द्यावी. देशी बियांचा संग्रह, उष्म्यात आणि पाण्याच्या ताणाखाली किती झाडं उभयलिंगी होतात याची हंगामवार नोंद आणि त्यावरून प्रमाणित बियाणं, एवढं काम विद्यापीठाने करावं. तोवर वाचकांना एकच सांगणं: पाकिटावरच्या हमीवर विसंबून हे बी विकत घेऊ नका आणि परवान्याशिवाय एकही रोप लावू नका.