चिमूटभर गाळात किती जीव?

शितावरून भाताची परीक्षा करतात, हे आपण जाणतोच. पण शीत वरचे घेतले आणि तळाचा भात करपलेला असला तर? गाळातले सूक्ष्म जीव मोजणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न असतो.

विद्यार्थी मित्रांनो, ओहोटीला मांडवीच्या काठी दिसणारा चिखल निर्जीव नसतो. त्यात सूत्रकृमी असतात, कोळंबीचे दूरचे भाऊबंद असे इवलेसे कोपेपॉड असतात. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून हे जीव खाली जातात आणि ०.०६३ मिलिमीटरच्या चाळणीवर अडकतात. एका चौरस मीटर किनाऱ्यात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाऊ शकते. रोझ बेंगाल नावाच्या रंगाने ते गुलाबी झाले, की मातीतून ओळखू येतात. तरीही सूक्ष्मदर्शकाखाली एकूण एक जीव मोजायचा म्हटले तर एकाच नमुन्याला दिवसचे दिवस लागतील. म्हणून नमुन्याचा लहान वाटा, म्हणजे उपनमुना, मोजतात.

हा वाटा काढण्यातच खरी मेख आहे. बाटली हलवून वरचे पाणी घेतले तर जड जीव तळाशीच राहतात, कारण सगळे सारख्या वेगाने खाली बसत नाहीत. १९८१ साली रॅफेली व मेसन या शास्त्रज्ञांनी सूत्रकृमी आणि कोपेपॉड यांच्या प्रमाणावरून किनाऱ्याचे प्रदूषण ओळखावे, असे सुचवले. त्यावर पुढे बराच वाद झाला, तो वेगळा. पण वाटा एकांगी निघाला तर असल्या कोणत्याही मोजणीत स्वच्छ किनारा दूषित ठरेल, किंवा दूषित किनारा स्वच्छ! म्हणून खणाखणांच्या भांड्यात नमुना नीट ढवळून बसू देतात. प्रत्येक खणात सारखा वाटा येतो आणि त्यांतले काही खण चिठ्ठी टाकून निवडतात. वाळलेली वाळू असेल तर ती पन्हळींच्या पेटीत ओततात. एकाआड एक पन्हळी डावी-उजवीकडे वळलेल्या असल्याने वाळू निम्मी निम्मी होते. असे पाच वेळा केले की उरतो बत्तिसावा भाग. त्यात ३१० जीव सापडले, तर मूळ नमुन्यात अंदाजे ९,९२०.

किती मोजले म्हणजे पुरे? पालकांना आश्चर्य वाटेल, पण नमुन्याचा कितवा भाग घेतला यापेक्षा प्रत्यक्ष किती जीव मोजले याला महत्त्व आहे. १०० मोजले तर साधारण दहा टक्के चूक धरावी, ४०० मोजले तर पाच टक्के. म्हणजे चूक निम्मी करायला मेहनत चौपट! शंभरात एक इतकी विरळ जात ३०० जीव मोजल्यावर सापडण्याची शक्यता ९५ टक्के असते. पुष्कळ अभ्यासक ३०० वर थांबतात ते यामुळेच.

घरी करून पाहा. परातभर तांदळात ४०० मूग मोजून मिसळा, रास करा, ती चपटी करून चार सारखे भाग पाडा आणि एका भागातले मूग मोजा. ते बहुधा ८० ते १२० भरतील. मग परात थोडा वेळ हलवून, नुसते वरवरचे तांदूळ चौथा हिस्सा होईल इतके काढून त्यातले मूग मोजा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.