प्रीतिस्पर्धेचा कथाबंध : आइसलँडची सागा आणि म्हाळसा-बाणाईची गीते

आइसलँडमध्ये तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रचली गेलेली 'गुन्लाउग सर्पजिव्हाची सागा' प्रीतिस्पर्धेची कथा म्हणून विख्यात आहे. कथाकाळ इ. स. १००० च्या आसपासचा. कवी गुन्लाउगसाठी हेल्गाने तीन वर्षे वाट पाहावी असे ठरते. तो परदेशी राजदरबारांत अडकतो आणि तेथेच त्याच्याकडून दुखावला गेलेला कवी ह्राफ्न मायदेशी येऊन हेल्गाशी विवाह करतो. आल्थिंग या लोकसभेच्या वेळचे त्यांचे द्वंद्व अनिर्णित राहते व दुसऱ्याच दिवशी अशी द्वंद्वे कायद्याने बंद होतात. मग दोघे नॉर्वेच्या बाजूस जाऊन लढतात. पाय तुटलेला ह्राफ्न पाणी मागतो, गुन्लाउग शिरस्त्राणातून ते आणतो आणि ह्राफ्न त्याच क्षणी वार करतो. दोघेही मरतात. या सागेत कवने पुरुषांची आहेत. हेल्गाच्या मुखी एकही नाही.

मराठीत या कथाबंधाचे निकटचे रूप कोठे आढळते? नरेंद्र आणि एकनाथ यांच्या रुक्मिणीस्वयंवरांत शिशुपाल प्रतिस्पर्धी आहे खरा. परंतु निकाल आरंभीच ठरलेला असल्याने स्पर्धा नावापुरती उरते. खरी चुरस आहे ती खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळी गातात त्या गीतांत.

म्हाळसा ही नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, विधिपूर्वक परिणीत. बाणाई धनगराची. सारीपाटात हरलेला देव बारा वर्षे वनवास पत्करतो, बाणाईच्या बापाची मेंढरे राखतो आणि अखेर तिला घेऊन जेजुरीस येतो. येथे प्रतिस्पर्धी स्त्रिया आहेत आणि बोलतात त्याच. मध्ये सापडलेला देव जवळजवळ निरुत्तर असतो. संस्कृत 'मल्हारीमाहात्म्या'चा भर मणि-मल्लांच्या वधावर आहे. हा सवतीमत्सर लोकपरंपरेने जोपासला.

या भांडणाला केवळ विनोद समजणे चुकीचे ठरेल. म्हाळसा बाणाईचा आहार, वेश, कूळ काढते, आणि तो उपहास जातीचा असतो. नेवासे ज्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात आहे, त्याच्याच दक्षिणेस श्रीगोंदे तालुक्यात काष्टीचा जनावरांचा प्रसिद्ध बाजार आहे. पेठ आणि रान यांचे एकमेकांवाचून कसे चालत नाही, हे अशा बाजारगावी सहज लक्षात येते. तरीही या दोन जगांत सोयरीक जुळणे ही अवघड गोष्ट होती. गीतांतील भांडणाचे मूळ तेथे आहे. गुंथर सोन्थायमर यांनी या जोडीत वसती आणि वन यांचे द्वैत पाहिले, तेही याच दिशेने जाते.

सागेतील समाजात राजा नव्हता. अपमानाचे परिमार्जन कायद्याने वा शस्त्राने व्हावयाचे, आणि एका स्त्रीवर दोघांचा हक्क मानणारी चौकट उपलब्ध नव्हती. मराठी गीतांत बहुपत्नीत्व गृहीत असल्याने सवतीला नाहीसे करण्याची आवश्यकता नाही. प्रश्न उरतो तो मानाचा. त्याची वाटणी जेजुरीच्या डोंगरावरच झाली आहे : वरचा भाग म्हाळसेचा, खालचा बाणाईचा. देवाला म्हणतात 'म्हाळसाकांत'. गड चढणाऱ्याला वाटेत आधी भेटते ती मात्र बाणाई.