करवतीची किल्ली कोणाकडे?

वादळ ओसरल्यावर रस्त्यावर आडवा पडलेला वृक्ष आमच्या वाचकांपैकी कोणी पाहिला नसेल? १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे व विजेचे खांब उन्मळून कित्येक वाटा बंद झाल्या. अशा समयी करवत कोठे आहे, हाच पहिला प्रश्न असतो. ती तालुक्याच्या ठिकाणी असेल, तर तेथून येणाऱ्या वाटेवरही झाडे पडलेलीच असतात.

या प्रश्नाचे उत्तर ओडिशा राज्याने फार मोठे मोल देऊन मिळविले. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ महावादळ किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी २५० किलोमीटरांच्या घरात होता. जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात समुद्र गावांवर चालून आला, आणि सरकारी गणतीप्रमाणेच सुमारे १० हजार माणसे दगावली. त्या काळी रेडक्रॉसने जर्मन साहाय्याने बांधलेली अवघी २३ आश्रयगृहे त्या लांबच लांब किनाऱ्यावर होती. ज्यांना तेथे शिरकाव मिळाला, ते वाचले.

त्याच वर्षअखेरीस राज्याने आपत्ती निवारणासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापिले. पुढे आश्रयगृहांची संख्या आठशेंवर गेली. परंतु एवढ्या इमारतींना जमीन कोठून आणावयाची? गावातील मोकळी, सर्वांना जवळची व ओळखीची जागा बहुधा शाळेचीच असते. म्हणून पुष्कळ आश्रयगृहे शाळांच्या आवारातच उभी राहिली. खाली नुसते खांब, जेणेकरून पाणी आरपार निघून जावे; वर प्रशस्त दालने. एरवी तेथे मुलांचे वर्ग भरतात, आणि वादळाच्या रात्री सारा गाव तेथेच निजतो. जनित्र, झाडे कापण्याची यांत्रिक करवत, स्ट्रेचर, फुगवून उभा करावयाचा दिव्यांचा मनोरा, हे साहित्यही तेथेच ठेवण्याची योजना झाली.

शाळेची जागा, प्राधिकरणाची इमारत आणि गावच्या समितीची देखभाल, असा हा तिहेरी संसार आहे. दोन खात्यांमध्ये हातभर जमिनीवरून वर्षानुवर्षे पत्रव्यवहार कसा चालतो, हे आम्ही वाचकांस सांगावयास नको! तरीही आमच्या मते जागा देणे त्यातल्या त्यात सोपे. किल्ली देणे कठीण. जनित्र सुरू करून पाहावयाचे कोणी, पेट्रोल भरावयाचे कोणी, मध्यरात्री कुलूप उघडावयाचे कोणी, हे आधी ठरले नसेल तर करवत म्हणजे केवळ लोखंड होय. म्हणूनच तेथे गावातील तरुणांस प्रथमोपचाराचे व बचावकार्याचे शिक्षण देतात आणि दर वर्षी सराव घेतात. २००१ मध्ये उभारलेल्या राज्याच्या बचाव दलासही निराळ्या छावण्या न शोधता सशस्त्र पोलिसांच्या तळांवरच ठेवण्यात आले.

३ मे २०१९ रोजी ‘फनी’ वादळ पुरीजवळ आदळले. तत्पूर्वी सुमारे १२ लाख माणसे सुरक्षित स्थळी नेली होती. तरीही ६४ जण गेले, पुरीत कित्येक दिवस वीज नव्हती, आणि रस्ते मोकळे करताना करवतींना उसंत मिळाली नाही.

२०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात गोवा, महाराष्ट्र व कर्नाटक यांचाही समावेश झाला. आपल्या गावाजवळ असे आश्रयगृह असेल, तर त्याची किल्ली कोणाच्या घरी असते, हे पंचायतीत विचारून ठेवावे. मे महिना त्यासाठी बरा.