व्यसनमुक्तीची रोजची किंमत

गर्दच्या विळख्यातून सुटू पाहणारा एखादा तरुण उपचार अर्धवट टाकून निघून गेला, की ‘त्याच्यात जिद्दच नव्हती’ असा निकाल देऊन समाज मोकळा होतो. हा निकाल सोयीचा असला तरी खरा नाही.

अफू वा हेरॉईन बंद होताच अंगदुखी, उलट्या आणि निद्रानाश यांनी माणूस हैराण होतो. व्यसनींच्या बोलीत हिलाच ‘टर्की’ म्हणतात. ती काही दिवसांत ओसरते. ओढ मात्र महिनोन्‌महिने टिकते. शिवाय मधल्या काळात शरीराची सहनशक्ती घटलेली असते. त्यामुळे उपचार सोडून पूर्वीच्याच मात्रेकडे वळणारा प्राणास मुकू शकतो. उपचार टिकणे हा म्हणूनच जीवनमरणाचा प्रश्न ठरतो. केंद्र शासनाच्या २०१९ च्या पाहणीनुसार भारतात अशा मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख आहे.

ही ओढ आटोक्यात ठेवणारी मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. ती नियमित आणि पुरेशा मात्रेत मिळाली, तर माणूस उपचारात टिकतो व कामालाही लागू शकतो. परंतु रोज केंद्रावर जाऊन परिचारिकेसमोर गोळी घ्यायची, तर बसभाडे, रांग आणि बुडालेली अर्ध्या दिवसाची मजुरी यांचा हिशेब कोणी करावयाचा? औषध फुकट असले, तरी उपचार फुकट नसतो! रोजंदारीवरील माणसाचा खाडा पडू लागला, की तो आधी उपचारच सोडतो.

पंजाबात २०१७ साली अशी केंद्रे उघडली, तेव्हा रोजच्या हजेरीचाच नियम होता. २०२० च्या टाळेबंदीत तो शिथिल करून दोन आठवड्यांपर्यंतच्या गोळ्या घरी देण्यात आल्या. अमेरिकेतही त्याच वर्षी स्थिरावलेल्या रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचे मेथाडोन घरी नेण्याची मुभा मिळाली आणि २०२४ साली ती कायम झाली. घरी दिलेल्या गोळ्या काळ्या बाजारात जातील, ही भीती निराधार नव्हे. तथापि तिच्यावरचा उपाय सरसकट अविश्वास हा नसून, रुग्ण स्थिरावेल तसतशी सवलत वाढवीत नेणे हा आहे.

औषधाइतकीच माणसांचीही गरज असते. डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यात उभारलेल्या ‘मुक्तांगण’ने कुटुंबाला उपचारात सामील करून घेतले आणि घरी परतलेल्याशी संबंध तुटू दिला नाही. पाय घसरलेल्याला दार पुन्हा उघडे असणे, हाही उपचाराचाच भाग होय.

जिद्द हवीच, पण तिच्यावर रोज नवा कर बसवून ती संपली म्हणून रुग्णालाच दोष देणे, हा न्याय नव्हे.